वाचनालयासाठी दोन युद्धकथा : रेमार्क आधी की ओब्रायन?

गावच्या वाचनालयात सामुदायिक वाचनासाठी सैनिकी आयुष्यावरचे एकच पुस्तक घ्यायचे झाले, तर निवड बहुधा दोन पुस्तकांपाशी येऊन थांबते. एरिख मारिया रेमार्क यांची १९२९ची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही पहिल्या महायुद्धातील जर्मन खंदकांची कादंबरी आहे, तर टिम ओब्रायन यांचे १९९०चे ‘द थिंग्ज दे कॅरीड’ हे व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांच्या एकमेकींत गुंतलेल्या कथांचे पुस्तक आहे. दोन्ही लेखक त्या त्या युद्धात स्वतः होते.

ओब्रायन सैनिकांनी वाहिलेले ओझे तोलून दाखवतात. मशीनगन रिकामी असतानाच २३ पौंडांची, म्हणजे साडेदहा किलोच्या आसपास. रेडिओ बॅटरीसह २६ पौंडांचा. आणि त्याच यादीत तुकडीप्रमुख लेफ्टनंट क्रॉसने जपलेली, त्याचे मन जडलेल्या मार्थाची पत्रे १० औंसांची. जिनिंगच्या काट्यावर कापूस मोजावा तशा कोरडेपणाने ही यादी भीती आणि लाजेपर्यंत जाते, आणि त्या कोरडेपणामुळेच ती अंगावर येते. तुकडीतला टेड लॅव्हेंडर मारला जातो तेव्हा क्रॉसचे मन मार्थापाशी असते. ते अपराधीपण त्याला पुढे कुठेच उतरवून ठेवता येत नाही.

रेमार्क यांच्याकडे ओझे हातोहात फिरते. पाय कापलेल्या केमेरिखचे चांगले बूट म्युलरकडे जातात आणि म्युलर गेल्यावर कादंबरीचा तरुण निवेदक पाउल बॉयमर याच्याकडे येतात. जखमी साथीदार काटला पाउल पाठीवर घेऊन उपचारकेंद्रापर्यंत पोचवतो, पण डोक्याला लागलेल्या बारीक तुकड्याने काट वाटेतच गेलेला असतो. शारीरिक ओझ्याचे याहून परिणामकारक वर्णन मला तरी आठवत नाही. मुलांना भाषणे देऊन सैन्यात धाडणारा कांटोरेक मास्तरही याच कादंबरीत आहे. पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणारी आपली मुले पाउलच्याच वयाची असली, तरी हे साम्य फार ताणू नये. कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून, नियमित पगारासाठी आणि अभिमानानेही जाणाऱ्या आपल्या मुलाला कांटोरेकची गरज पडत नाही.

घरी परतल्यानंतरच्या ओझ्यात मात्र ओब्रायन पुढे आहेत. रजेवर आलेल्या पाउलने गणवेश घालूनच ओळखीच्यांना भेटावे असे वडिलांना वाटते, आणि तो अवघडून जातो. पण ओब्रायन यांच्या पुस्तकातला सैनिक नॉर्मन बोकर युद्ध संपल्यावर गावच्या तळ्याभोवती गाडी फिरवत राहतो आणि त्याचे ऐकायला कोणीच नसते. माजी सैनिकाच्या घरात हे प्रकरण लगेच ओळखीचे वाटेल. बोकर पुढे आत्महत्या करतो, आणि ज्या भागात अनेक घरांनी तेच दुःख भोगले आहे तिथे हा भाग समूहात अचानक वाचून दाखवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय निवेदकाचे नाव लेखकाचेच असल्यामुळे खरे किती आणि कल्पित किती, या वादात बैठक अडकू शकते.

म्हणून समूहासाठी रेमार्क आणि एकट्याने वाचणाऱ्यासाठी ओब्रायन, अशी निवड मी करीन. कापूस वेचणीच्या दिवसांत माणसे सलग जमत नसतील, तर ओब्रायन यांची पहिली कथा तेवढी एका बैठकीत वाचावी आणि रेमार्क यांची कादंबरी उन्हाळ्यासाठी ठेवावी.