शिट्टीवाला दूध कुकर: सुटं दूध घेणाऱ्यांनी नक्की घ्या

आमच्याकडे गोठ्यावरचं म्हशीचं दूध येतं, रोज दीड लिटरचा रतीब, पिशवी नाही. त्यामुळे दूध तापवणं म्हणजे नुसतं उतू जाऊ न देणं नाही, ते आतपर्यंत नीट तापलंच पाहिजे, घरात लहान मूल आहे. म्हणून स्टीलचा दोन लिटरचा शिट्टीवाला दूध कुकर घेतला आणि आता रोज त्यातच तापवते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, भांडं दुहेरी भिंतीचं असतं, मधल्या पोकळीत नळीतून पाणी घालायचं, वर शिट्टी बसवायची आणि दूध आत ओतायचं. आच पाण्याला लागते आणि पाणी दुधाला तापवतं, म्हणून तळाला लागत नाही, करपट वास येत नाही, आणि पाणी शंभर डिग्रीच्या आसपासच थांबतं, दूध त्याच्याही जरा खालीच, त्यामुळे उतू जायचं टेन्शन नाही. ओट्यापाशी उभं राहायला लागत नाही हा फायदा सगळेच सांगतात. मला मोठा फायदा वाटतो तो हा की दूध गरम अवस्थेत हवं तितका वेळ ठेवता येतं. पातेल्यात कडेला फेस दिसला की आपण घाईने गॅस बंद करतो, मग ते खरंच उकळलं का नाही कोण बघतंय.

पण एक गोष्ट पुस्तिकेत धड लिहिलेली नाही म्हणून इथे लिहिते. शिट्टी वाजते ती बाहेरच्या पाण्याला उकळी आल्याची, दुधाला नाही! दूध तेव्हा मागेच असतं, त्यातून फ्रिजमधलं गार दूध भरपूर घातलं असेल तर आणखीच मागे. मी शिट्टी झाली की आच बारीक करते, पाच-सात मिनिटं तशीच ठेवते आणि मध्ये डावाने एकदा तळापासून ढवळते. पाश्चरायझेशनला, म्हणजे दूध ठरावीक वेळ तापवून त्यातले घातक जंतू मारायला, 63 डिग्रीला 30 मिनिटं किंवा 72 डिग्रीला 15 सेकंद लागतात, आणि थर्मामीटर घालून बघितलं तर अशा पद्धतीने दूध 72 च्या बरंच वर जातं, म्हणजे काम चोख होतं. निरसं दूध पौष्टिक म्हणून मुलांना देणारे अजून आहेत, त्यांना कळकळीने सांगते की ब्रुसेलोसिस (जनावरांपासून होणारा एक तापाचा आजार) आणि गुरांचा टीबी कच्च्या दुधातून माणसाला होतो, जनावर वरून धडधाकट दिसत असलं तरी. धारोष्ण वगैरे काही नको, तापवूनच द्या.

तापवल्यावरही काम संपत नाही. काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं चिवट सुप्त रूप, उकळीलाही मरत नाहीत आणि दूध ओट्यावर कोमट पडून राहिलं की तेच वाढतात, म्हणून कुकरमधून काढून दुसऱ्या भांड्यात घ्या, ते गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. कुकरमध्येच ठेवलं तर भोवतीच्या गरम पाण्यामुळे निवायला फारच वेळ लागतो, उन्हाळ्यात तर विचारूच नका. आणि ज्या किटलीत कच्चं दूध घेतलं तिच्यात तापवलेलं परत ओतू नका, आधी ती गरम पाण्याने आणि साबणाने घासा.

आता तक्रारी. पातेल्यापेक्षा वेळ जास्त लागतो, गॅसही थोडा जास्तच जातो. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, पोकळीत क्षार साठतात आणि तिथे हात किंवा घासणी पोचत नाही, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून हलवून काढावं लागतं. म्हणून पोकळीत फिल्टरचंच पाणी घाला. पाणी दरवेळी बघून घाला, कोरडा कुकर गॅसवर राहिला तर भांडं कामातून जातं. शिट्टी काढताना वाफ हातावर येते, आधी गॅस बंद करून थांबायचं. इंडक्शन असेल तर तळ त्याला चालणारा आहे का ते विचारूनच घ्या, सगळे चालत नाहीत.

पिशवीचं दूध घेत असाल तर ते डेअरीतून पाश्चराइज होऊनच येतं, नीट गार राहिलेलं असेल तर नुसत्या सुरक्षिततेसाठी हा कुकर घ्यायची गरज नाही, उतू जाण्याचा वैताग असेल तर घ्या. टेट्रापॅकवाल्यांना तर अजिबातच नको, ते दूध 135 डिग्रीच्या वर तापवून पॅक केलेलं असतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा क्षारांसाठी कापला.