५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस : आठ सर्व्हो, आठ महिने

गेल्या जुलैत लॅमिंग्टन रोडवरून हा पत्र्याच्या जाळीचा, बिननावाचा एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टचे ५ व्होल्ट डीसी करून देणारा पुरवठा) आणला तो घरच्या गणपतीच्या देखाव्यासाठी. आठ वारकऱ्यांची दिंडी, प्रत्येकाच्या हाताला एक एमजी९९६आर सर्व्हो, म्हणजे सांगू तेवढ्या कोनात वळणारी छोटी मोटर. आधी मोबाइलच्या २ अँपिअर चार्जरवर भागवत होतो. एकेकटा वारकरी छान टाळ वाजवायचा. आठही एकदम सुरू केले की कोड चालवणारा आर्डुइनो ऊनो बोर्ड रिसेट, आणि सगळी दिंडी झटका बसल्यासारखी हात वर करून उभी. दोन रात्री कोड उसवला. कोड बिचारा निर्दोष होता.

हा सर्व्हो अडकला की ६ व्होल्टला एकटाच अडीच अँपिअरच्या आसपास ओढतो. आठांचे २० होतात, पण सगळे एकाच वेळी अडकत नाहीत, म्हणून १०चा पुरला. तरी कोडमध्ये प्रत्येकाला थोडं मागेपुढे सुरू केलंय.

खरी गंमत पुढे. एसएमपीएस लावूनही टोकाचे दोन वारकरी थरथरतच होते. मीटर लावला, तर एसएमपीएसवर ५ व्होल्ट आणि तिथे ४.३! दोन मीटर लांब नेलेली केसाएवढी वायर बाकीचं खात होती. घरच्या वायरिंगमधली उरलेली दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली आणि थरथर गेली. सर्व्होंना सिग्नल देणाऱ्या पीसीए९६८५ बोर्डाच्या एकट्या स्क्रू टर्मिनलवर सगळा भार टाकायला जीव धजेना, म्हणून चार सर्व्होंना प्लस-मायनस थेट दिलं, बोर्डावरून फक्त सिग्नल. ऊनो वेगळ्या चार्जरवर. पण त्याचा ग्राउंड एसएमपीएसच्या मायनसला जोडायचा हं. मी एकदा विसरलो, तर वारकरी अंगात आल्यासारखे नाचले.

तक्रार एकच, पण मोठी. २३० व्होल्टची टर्मिनलं जवळजवळ उघडी, वरची प्लॅस्टिकची झडप महिन्याभरात तुटली. घरात लहान मूल आहे, म्हणून भोकं पाडलेल्या लाकडी खोक्यात बसवलाय. नोव्हेंबरात आउटपुटचे स्क्रूही सैल झाले होते. आवळले, तेव्हापासून ठीक.

सध्या त्यावर पुतण्याचा सहा सर्व्होंचा रोबोटिक हात चालतो. त्याला आता खांद्याला याहून दणकट सर्व्हो हवेत. ते आले की हा पुरेलसं वाटत नाही.