नीसमध्ये एकच जेवण: कूर सालेया की बंदर?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरात मुक्काम एकाच दिवसाचा असला, तर जुन्या शहरातील कूर सालेयाच्या बाजारात जेवावे की किल्ल्याच्या टेकडीला वळसा घालून लँपिया बंदराकडे जावे, हा प्रश्न मला परिचितांकडून वरचेवर विचारला जातो. दोन्हीकडे मी अनेकदा जेवलो आहे आणि दोन्हीबद्दल मला मनापासून आपुलकी आहे.

सकाळच्या वेळी बाजाराला तोड नाही. पट्टेदार छतांखाली फुले आणि भाज्या मांडलेल्या असतात, आणि आपल्या भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांची आठवण करून देणारी झुकिनीच्या फुलांची भजी तिथे गरम मिळतात. मंद आचेवर मऊ केलेला कांदा पसरून भाजलेली पावासारखी पिसालादिएरही चांगली असते. मात्र तिच्यात अँचोवी मासा असतो, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे. सोमवारी भाजीबाजार नसतो. त्या दिवशी तिथे जुन्या वस्तूंची दुकाने लागतात.

माझा कौल फिरला तो सोक्कामुळे. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्यावरच तयार होणारा हा पदार्थ तांब्याच्या मोठ्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. १८६० साली फ्रान्सकडे येण्यापूर्वी नीस इटलीतल्या जिनोव्हाप्रमाणेच सार्डिनियाच्या राज्यात होते, त्यामुळे जिनोव्हाच्या फारिनाता या बेसनाच्याच पदार्थाशी याचे सख्खे नाते आहे, आणि धिरड्यावर वाढलेल्या आपल्या जिभेला तर तो पहिल्या घासालाच ओळखीचा वाटतो. परंतु धिरड्याप्रमाणेच त्याचेही आयुष्य काही मिनिटांचे असते. बाजारालगतच्या एका उपाहारगृहात मला दोनदा पुन्हा गरम केलेला सोक्का वाढला गेला: कडा वातड, खालची बाजू घामेजलेली आणि वरची मिरपूड ओली होऊन चिकटलेली. सगळीकडे असेच होते असे मी म्हणणार नाही. पण ज्यासाठी इतक्या दूर यावे, तोच पदार्थ असा पानात पडला की मन खट्टू होते.

बंदरामागच्या बाव्हास्त्रो रस्त्यावर १९२३ पासून चालत आलेले ‘शे पिपो’ हे सोक्काचे उपाहारगृह आहे. तिथे समुद्र दिसत नाही, पदार्थ मोजके आहेत आणि संध्याकाळी बराच वेळ ताटकळावे लागते, या उणिवा मी नाकारत नाही. तरीही भट्टीतून निघालेली परात समोर खरवडली जाते, काळपट कडा बोटांखाली कुरकुरते, आतला भाग पिठल्यासारखा मऊ लागतो आणि मिरीचा वास गरम वाफेबरोबर वर येतो, तेव्हा त्या ताटकळण्याचे मला कधीच वाईट वाटलेले नाही.

बाजाराची ओढ फारच असेल, तर सकाळी तिथे भजी खाऊन घ्यावीत आणि भूक थोडी राखून संध्याकाळी समुद्राच्या कडेकडेने चालत बंदर गाठावे. तिथे बसल्यावर परात संपत आलेली दिसली, तर शिल्लक तुकडे न घेता पुढच्या घाण्याची वाट पाहावी.