इव्हॅपचे कोड शोधायला स्मोक मशीन घ्यावं की स्कॅनर?

इव्हॅप म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ न देणारी यंत्रणा. तिच्यातल्या गळतीचा पी०४४२ (छोटी) किंवा पी०४५५ (मोठी) कोड आलाय, टाकीचं झाकण बदलून झालंय, कोड पुसून झालाय आणि चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागलाय. इथवर पोचलेल्यांसाठी हे लिहितोय. जुन्या गाडीला एकेक पार्ट बदलत बसणं परवडत नाही, म्हणून प्रश्न उरतो तो एवढाच: यंत्रणेत धूर सोडून गळती दाखवणारं स्मोक मशीन घ्यायचं, की व्हॉल्व्हना कमांड देणारा स्कॅनर? माझ्या गाडीवर मी दोन्ही वापरलेत.

मोठी गळती असेल, म्हणजे पी०४५५, तर स्मोक मशीनला तोड नाही. गंजलेला फिलर नेक, वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरवरून निसटलेली नळी, चिरलेलं रबर यांतून धूर सरळ बाहेर पडतो. अगदी बारीक गळतीचा पी०४५६ मात्र साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या भोकासाठीही येतो. तिथे धुराची बारीक रेघ टॉर्च तिरपा धरूनच दिसते आणि जराशा वाऱ्याने मोडते. फ्यूल पंपाचं सील टाकीच्या वरच्या अंगाला असतं. तिथला धूर टाकीवर पसरत भलत्याच कडेने बाहेर येतो, त्यामुळे नजर फसते. आणि दाब एक पीएसआयच्या आतच ठेवा. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडू नका, आत पेट्रोलची वाफ असते. नायट्रोजनवर चालणारं मशीन त्यातल्या त्यात सुरक्षित.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. अडलं ते व्हेंट व्हॉल्व्हपाशी. यंत्रणा बाहेरच्या हवेला जोडणारा हा व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो, म्हणजे धूर सोडला की तो आधी तिथूनच निघून जातो. मग बहुतेकजण व्हेंटच्या नळीला बूच मारतात. पण जुन्या गाडीत हा व्हॉल्व्ह बऱ्याचदा खाली, धूळ-चिखलाच्या माऱ्यात बसवलेला असतो आणि नीट मिटत नाही तो नेमका हाच. बूच मारलं की तपासातून संशयितच वगळला जातो. धूर कुठूनही येत नाही, गाडी पास होते आणि काही दिवसांनी कोड परत हजर. माझ्या गाडीत हेच चाललं होतं, आणि याच वैतागाने माझा कौल स्कॅनरकडे गेला.

स्कॅनरवर मी असं करतो. इंजिन आयडलला ठेवून व्हेंट बंद करण्याची कमांड द्यायची, पर्ज (वाफ इंजिनकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडायचा आणि लाइव्ह डेटात टाकीचा दाब पाहत राहायचं. आकडा शून्याखाली उतरू लागला की पर्ज लगेच बंद करायचा. जास्त ओढू नका, टाकीवर ताण येतो. आकडा तिथेच टिकला तर सिस्टीम घट्ट आहे. हळूहळू शून्याकडे सरकला तर गळती आहे. आता व्हेंटच्या नळीला बूच मारून हेच पुन्हा करा. या वेळी आकडा टिकला तर चोर सापडला, व्हेंट व्हॉल्व्हच मिटत नाहीये. उलट, पर्जला उघडण्याची कमांड न देताही व्हॅक्यूम तयार होत असेल तर पर्ज गळतोय. पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल तर मी आधी पर्जच तपासतो. नुसत्या धुराने हा दोष सहज हुकतो, कारण ती गळती बाहेर नसते, इंजिनला हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये असते.

दुरुस्तीनंतरही स्कॅनरच कामी येतो. कोड पुसला की मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच घेते ती इव्हॅपची तपासणी, पुन्हा पूर्ण व्हावा लागतो, आणि बहुतेक गाड्यांत त्यासाठी इंजिन थंड असावं लागतं, टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी चालत नाही (साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे हवी). ते जुळून येईपर्यंत जीव टांगणीला. स्कॅनरवर तीच टेस्ट लगेच घेता येते.

अर्थात गळती आहे हे स्कॅनर सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. शिवाय दाबाचा सेन्सरच चुकत असेल तर सगळं मुसळ केरात, म्हणून आधी झाकण उघडून आकडा शून्याच्या आसपास येतो ना, ते बघून घ्या. काही जुन्या गाड्या कमांड घेतच नाहीत, काहींत टाकीच्या दाबाचा सेन्सरच नसतो. तशी गाडी असेल तर तुम्हाला बहुधा स्मोक मशीनच सोयीचं पडेल. फक्त व्हेंटला बूच मारू नका. व्हेंट हा दोन तारांचा सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह) असेल तर कनेक्टर काढून, मधे फ्यूज घातलेल्या वायरने बॅटरीचे बारा व्होल्ट द्या आणि त्याला स्वतःला मिटू द्या. मग धूर सोडा.

दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर मी तरी स्कॅनर घेईन. मात्र पैसे देण्याआधी तुमच्या मॉडेलला, तुमच्या सालच्या गाडीला तो व्हेंट बंद करण्याची कमांड देतो का, एवढं विचारून घ्या. ‘इव्हॅप सपोर्ट’ म्हणून जे छापलेलं असतं, त्यात कधीकधी फक्त कोड वाचणंच येतं. गळती बाहेरच्या नळ्यांत आहे असं स्कॅनरवरून ठरलं, तर स्मोक टेस्ट गॅरेजमध्ये एकदा करून घेता येते.