पंचावन्नला गाव की अठ्ठावन्नला तळेगाव?

३१ मे २०२३ ला ठाण्याच्या एका कारखान्यातून आम्ही दोघं एकाच दिवशी बाहेर पडलो. तो अठ्ठावन्न पूर्ण करून, रीतसर नारळ-शाल घेऊन. मी पंचावन्नाव्या वर्षी, तीन वर्षं आधीच. त्याने डोंबिवलीचा फ्लॅट विकून तळेगाव दाभाडेला दोन खोल्या-हॉलचं नवं घर घेतलं. मी लांजा तालुक्यातल्या आमच्या वाडीत, आजोबांच्या पडक्या घराच्या जोत्यावर चिऱ्याचं नवं घर बांधलं. तेव्हापासून तीन पावसाळे गेले. अशाच वळणावर असलेल्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन दोघांनाही येतात, म्हणून दोन्ही बाजू एकदा लिहून काढतो. त्याला इथे ‘तळेगावकर’ म्हणू.

आधी पैशाचं, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. ५२ हजारांवर ३० वर्षांचे ९ लाख होतात, ३३ वर्षांचे ९ लाख ९० हजार. म्हणजे तीन वर्षं आधी सुटल्याने ग्रॅच्युइटीत मोठा खड्डा पडत नाही. खरा फरक त्या तीन वर्षांच्या पगारात आणि पीएफच्या भरण्यात असतो, आणि तो प्रत्येकाने आपापल्या पासबुकावर मोजावा.

पीएफच्या पेन्शनचं पूर्ण वय ५८. पन्नाशीनंतर आधी घेता येतं, पण जितकी वर्षं आधी, तितके वर्षाला ४ टक्के कमी, आणि ती कपात कायमची. मी ते पंचावन्नला सुरू केलंच नाही. १५ हजारांच्या पगारमर्यादेवर हिशोब होतो, त्यामुळे आमच्यासारख्यांचं हे पेन्शन चार आकडीच असतं. त्यावर घर चालेल अशा भ्रमात दोघांपैकी कुणीच राहू नये.

घर चालतं ते पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर. ती साठीनंतरची, पण नोकरीतून निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही मिळते. अट अशी की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ठरावीक मुदतीत गुंतवायचे, आणि तेही त्या रकमेपुरतेच. मी सुटलो तेव्हा मुदत एक महिन्याची होती, धावपळ झाली. २०२३ च्या नोव्हेंबरपासून ती तीन महिने झाली आहे. मर्यादा ३० लाख. आम्हाला ८.२ टक्के मिळाले, म्हणजे पूर्ण ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये. कंपनीकडून निवृत्तीच्या तारखेचं आणि मिळालेल्या रकमेचं पत्र निघतानाच घ्या. नंतर फोन उचलणारी माणसं बदललेली असतात.

पैशात तळेगावकर पुढे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याचा तिथला खर्चही माझ्याहून बराच जास्त आहे: सोसायटीचा मेंटेनन्स, लिफ्ट, पार्किंग. माझ्याकडे दर मे महिन्यात कौलं परतायची, गवत काढून घ्यायचं आणि आगोट भरायची. तांदूळ, कांदे, मसाला, सुकी मासळी, गॅसचा जादा सिलिंडर, सगळं जूनच्या आत घरात. हा खर्च वर्षातून एकदाच टोचतो.

आता घर, आणि इथे मला जरा थांबावं लागेल.

तळेगावकराचं काम सहा महिन्यांत संपलं. विक्री, खरेदी, चाव्या. जुनं घर विकून नवं राहतं घर घेतलं तर भांडवली नफ्यावरचा कर वाचतो, पण मुदती आहेत: तयार घर विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत घ्यायचं, किंवा तीन वर्षांत बांधून पूर्ण करायचं. तयार फ्लॅटला ही मुदत ऐसपैस आहे. कोकणात बांधणाऱ्याने मात्र नीट ऐकावं: आमच्याकडे बांधकाम दिवाळीनंतर सुरू होतं आणि मिरग लागला की थांबतं. तीन वर्षं म्हणजे तीन उन्हाळे. त्यातला एक चिरे आणि गवंडी मिळवण्यात जातो, आणि पहिला बहुधा सातबाऱ्यात.

आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं होती. त्यातली तीन माणसं हयात नाहीत, दोन कुठे आहेत ते नातेवाइकांनाही नक्की सांगता येईना. वारसनोंदी लावणं, संमती घेणं, एका चुलत आत्येच्या नातवाला नालासोपाऱ्यात जाऊन भेटणं, हे मी नोकरीत असतानाच चार वर्षं सुट्ट्या टाकून केलं. हे बाकी असताना कुणी राजीनामा देत असेल, तर मी त्याला हात धरून थांबवीन. वडिलोपार्जित काही नसेल आणि नवी जमीन घ्यायची असेल, तर अडचण वेगळी आहे: महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. ‘नंतर बिनशेती करून देतो’ म्हणणाऱ्याच्या जीपमध्ये बसू नका. आधीच बिनशेती झालेला किंवा गावठाणातला तुकडा बघा.

मी डोंबिवलीचा फ्लॅट विकला नाही, भाड्याने दिला. तळेगावकर याला भित्रेपणा म्हणतो. असेल. पण ज्या घरात परत जाता येतं ते घर आहे, या भरवशावरच माझी बायको गावी यायला तयार झाली.

आणि ही गोष्ट आम्हा पुरुषांच्या हिशोबात कधीच नसते. मी गावी परतलो. ती सासरी गेली. तीस वर्षं डोंबिवलीत स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीने वावरलेली बाई वयाच्या बावन्नाव्या वर्षी पुन्हा ‘धाकटी सून’ झाली. चुलत सासवा दुपारी न सांगता पडवीत येऊन बसतात, डाळीला फोडणी कशाची दिली ते विचारतात. पहिलं वर्ष कठीण गेलं. मग तिने वाडीतल्या दोन मुलींना दहावीचं गणित शिकवायला घेतलं आणि ‘धाकटी सून’ची ‘बाई’ झाली. तळेगावकराच्या बायकोला असं काही करावं लागलं नाही. तिची भिशी, योगासनांचा वर्ग, लोकल पकडून पुण्याला बहिणीकडे जाणं पहिल्या महिन्यातच सुरू झालं. रिकामा तोच पडला. ज्येष्ठ नागरिक संघात सगळे पंच्याहत्तरीचे, हा तिथे पोरगा! दोन वर्षं त्याने मुख्यतः टीव्ही बघितला. मला मात्र गावात रिकामपण माहीत नाही. माकडांनी कौल फोडलं, पंप बंद पडला, देवळाच्या मीटिंगला बोलावणं आलं; दिवस कसा जातो कळत नाही.

दवाखान्यात तळेगाव निर्विवाद जिंकतं. रात्री दोनला छातीत दुखलं तर तो रिक्षाने पोचेल. मला हायवेपर्यंत गाडी काढायची, मग रत्नागिरी, आणि तिथून पुढे पाठवलं तर आंबा घाट चढून कोल्हापूर. मधुमेह, रक्तदाब ताब्यात असतील तर हा धोका पत्करता येतो. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा डायलिसिस असेल, तर गावाचा विचार सोडा, हे स्पष्टच सांगतो. विम्याचं दोघांनाही सारखंच: कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या पगाराबरोबर जातो. आधीपासूनच्या आजाराला वैयक्तिक पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरीत असतानाच, निदान तीन वर्षं आधी, स्वतःची पॉलिसी सुरू करा. आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण उत्पन्न न बघता मिळतं, पण ते सत्तरीनंतर.

प्रवासाचं थोडक्यात: एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ६५ नंतर पुरुषांनाही अर्धं, ७५ नंतर फुकट. तोवर माझं पूर्ण तिकीट फाटतं आणि बायको ते प्रत्येक वेळी मोजून देते.

मला पुन्हा निवडायचं झालं तर मी गावच निवडीन, पण पंचावन्नला नाही. सत्तावन्नला सुटलो असतो. घर त्याआधी बांधून तयार असतं आणि आम्ही दोघं एक अख्खा आषाढ तिथे राहून बघितला असता. चाकरमानी माणूस गाव बघतो ते मे महिन्यात आणि गणपतीत. दारात आंबे असतात, घर माणसांनी भरलेलं असतं. गणपती गेले की वाडीत आठ घरांत दिवा लागतो. जुलैत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चामडी चपलेवर बुरशी येते, लाईट गेली की ती दुसऱ्या दिवशी दुपारी येते. तो पाऊस सोसला, आवडलाही, तर बाकी सगळं जमतं. नाही आवडला तर तळेगाव बरं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तळेगावकराचं मन आता डळमळतंय. त्याचं मूळ गाव राजापूरकडे आहे, तिथे दोन गुंठे आहेत म्हणतो. मी त्याला सांगितलंय, आधी येत्या जुलैत माझ्याकडे पंधरा दिवस येऊन राहा, वहिनींना घेऊन. वहिनींना न घेता आलास तर ते मोजणार नाही. आणि छत्री आणू नकोस, इथल्या वाऱ्यात ती उलटते. रेनकोट आण.