घाईची लागलीय : ‘मिग मिग अवसरम’ बघून

सोलापूरच्या पूर्व भागात राहिलेल्या माणसाला ‘अवसरम’ हा शब्द नवा नाही. आमच्या शेजारच्या पद्मशाली (तेलुगू बोलणारा विणकर समाज) आजी तेलुगूत तो ‘गरज’ म्हणून वापरायच्या. तमिळमध्ये मात्र त्याचा अर्थ घाई, तातडी. ‘मिग मिग अवसरम’ म्हणजे फार फार घाई. आपल्याकडं ‘घाईची लागलीय’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. सिनेमा नेमका त्यावरच आहे.

२०१९ चा तमिळ सिनेमा, दिग्दर्शक सुरेश कामाच्ची. सुनेनं टीव्हीला जोडून दिला. एक महिला पोलीस शिपाई पुलावर बंदोबस्ताला उभी आहे. साहेबाला तिनं नकार दिलाय, त्याचा राग म्हणून त्यानं मुद्दाम तिला तिथं उभं केलंय. तिला लघवीला जायचंय आणि पॉइंट, म्हणजे नेमून दिलेली जागा, सोडता येत नाही. बस्स, एवढीच गोष्ट. मी ३१ वर्षं खाकीत काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाले. एवढ्याशा गोष्टीवर सिनेमा निघू शकतो हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

श्रीप्रियंका या नटीचं काम चोख आहे. संवाद कमी, सगळं चेहऱ्यावर आणि पायांवर. भाषा कळायची गरजच पडली नाही. तरी एक गंमत सांगते. तेलुगूत पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणतात एवढं मला पक्कं ठाऊक, तमिळमध्ये ते ‘तण्णी’ होतं. आणि बंदोबस्तावरची बाई पाण्याला कधी हात लावत नाही, मग ते कुठल्या का भाषेतलं असेना.

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या, म्हणजे तेलाभिषेकाच्या, दिवशी मी एका गल्लीच्या तोंडाशी उभी होते. नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, शहरातल्या ६८ लिंगांच्या वाटेवर निघालेले, जानेवारीची थंडी, आणि थंडीत तर जास्तच लागते. सकाळचा चहा मी घेतलाच नव्हता. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, सिनिअर बायकांचं बघून आपोआप येतं. तरी अकराच्या सुमारास पोटात कळ यायला लागली. समोरच्या घराच्या ओट्यावर विड्या वळत एक आजी बसल्या होत्या. माझ्याकडं दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, “रा अम्मा, लोपलिकि रा.” आत ये, बाई. आत गेले तर पुढचा प्रश्न : टोपी कुठं ठेवायची, काठी कुठं ठेवायची, पट्टा एका हातानं कसा सोडायचा? आजींनी टोपी आपल्या मांडीवर धरली आणि मी येईपर्यंत दारात बसून राहिल्या.

म्हणून सिनेमातल्या साहेबाबद्दल माझी तक्रार आहे. तो इतका काळाकुट्ट रंगवलाय की बघणाऱ्याला वाटेल, हा एक माणूस बदलला की झालं. तसं नसतं हो. माझे साहेब चांगले होते, बायकांना मान द्यायचे. पण बंदोबस्ताचा कागद तयार होताना पॉइंट मोजतात, माणसं मोजतात, गाड्या मोजतात. संडास कुणी मोजत नाही. रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, यायचा असतो, तो जेवायला गेलेला असतो. यात खलनायक कुणीच नाही. असा सिनेमा काढणं अवघड, हे मान्य. पण निघाला असता तर जास्त झोंबला असता. मधला भागही जरा लांबलाय, तेच तेच परत येतं. अर्थात पुलावर उभं असताना वेळही तसाच लांबतो, त्यामुळं त्यावर मी फार बोलणार नाही.

तमिळनाडूचं मला विशेष वाटतं. १९७३ साली तिथं पोलिसात बायका घेतल्या, १९९२ मध्ये चेन्नईत थाउजंड लाइट्स भागात पूर्ण महिलांचं पोलीस ठाणं निघालं. आणि तिथंच हा सिनेमा काढावा लागला. पुढं जून २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यात महिला पोलिसांना रस्त्यावर उभं करू नका, असं तिथल्या सरकारनं सांगितलं. ऐकून बरं वाटलं, आणि थोडं खुपलंही. आम्हाला रस्त्यावरून काढण्यापेक्षा रस्त्यावर एक फिरतं शौचालय उभं केलं असतं तर? उद्या हेच कारण सांगून बाईला चांगली ड्युटी नाकारली, तर कुठं जायचं?

शेवट सांगत नाही. घरातल्या पुरुषांना सोबत बसवून बघा एवढं म्हणेन. आमचे हे बसले होते. पाऊण तासात दोनदा “थांबव गं जरा” म्हणून उठले आणि दोन्ही वेळा मी थांबवला. तिसऱ्यांदा उठायला लागले तेव्हा ती पोरगी पुलावरच होती. मी रिमोट उचलला नाही.