महामार्गावरची पाटी: शहराच्या हद्दीत लावावी की फाट्याच्या अलीकडे शेतात?

मुंबई-गोवा महामार्गाच्या कणकवली-कुडाळ पट्ट्यात नवी खानावळ किंवा घरगुती निवास सुरू करणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यातच विचारतो, पाटी कुठे लावू? मी सांगतो, पाटी केवढी ते नंतर ठरवा. खांब कोणाच्या जमिनीत उभा राहणार ते आधी बघा.

आम्ही ते बघितलं नव्हतं. आमची पहिली पाटी फाट्यावर, वळणाच्या अगदी तोंडाशी होती. बसवून देणारा म्हणाला, "इथे सगळ्यांच्याच आहेत." चौपदरीकरणाचं काम आलं आणि एका सकाळी सगळ्यांच्याच गेल्या. जमीन महामार्गाची होती. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीवर परवानगीशिवाय काही उभारलं, तर 2002 च्या कायद्याप्रमाणे ते अतिक्रमण ठरतं. मग भरपाई मागणार कोणत्या तोंडाने? म्हणून फाट्यावरची जागा मी या तुलनेत धरतच नाही. उरतात दोन: शहराच्या हद्दीत स्वतःच्या इमारतीवर, किंवा हद्दीबाहेर कोणाच्या तरी खासगी जमिनीत.

शहरातलं काम त्यातल्या त्यात सरळ. कणकवली, कुडाळ, लांजा इथे नगरपंचायत आहे. चिपळूण, खेड, राजापूर, सावंतवाडीला नगरपरिषद. अर्ज तिथेच द्यायचा. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर स्वतःच्या नावाची पाटी असेल तर फारसं अडत नाही. गच्चीवर लोखंडी सांगाडा चढवायचा म्हटलात की गोष्ट बदलते. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. मुंबईत 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना ते 120 बाय 120 फुटांचं होतं. आपल्या किनाऱ्यावर तर 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते ही चक्रीवादळं सगळ्यांनी अनुभवलेली आहेत. अभियंत्याचा दाखला घेतल्याशिवाय गच्चीवर काहीही चढवू नका, कोणी मागो वा न मागो.

शहरातल्या पाटीची खरी अडचण रस्त्याची आहे. कणकवलीत उड्डाणपूल झाला आणि गोव्याकडे निघालेली गाडी वरून निघून जाते. खालच्या भिंतीवरची पाटी दिसते ती सर्व्हिस रोडवरच्या माणसाला. सावंतवाडी तर महामार्गावर राहिलीच नाही. तो झाराप-पत्रादेवी वळणरस्त्याने बाहेरूनच जातो. तुमचं गिऱ्हाईक बाजारहाटाला आलेलं, एसटीने उतरणारं असेल तर ही पाटी पुरेशी आहे. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या हव्या असतील तर नाही.

हद्दीबाहेर मात्र मोजपट्टी घेऊनच उतरावं लागतं. महामार्गाच्या मध्यापासून 40 मीटरवर इमारत रेषा, 75 मीटरवर नियंत्रण रेषा. पहिलीच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात परवानगी लागते. काँक्रीटच्या पायावरचा तुमचा सांगाडा कशात धरतात, हे महामार्ग कार्यालयातून लेखी घ्या. चौपदरीकरणात रस्त्याचा मध्यच सरकलाय, त्यामुळे जुन्या नकाशावर विसंबू नका.

इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था; तिचं रस्त्यालगतच्या जाहिरातींचं धोरण आणखी स्पष्ट आहे: चौक, फाटा किंवा पुलापासून 100 मीटरच्या आत जाहिरात नको (शहरात हे अंतर 50 मीटरपर्यंत कमी होऊ शकतं), डांबराच्या कडेपासून 10 मीटरच्या आत नको, वाहतुकीच्या फलकापासून 50 मीटरच्या आत नको. म्हणजे जी जागा प्रत्येकाला हवी असते, नेमकी तीच बंद. पण हिशोब करून बघा. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. 100 मीटर साडेचार सेकंदांत संपतात. फाट्यावर पाटी वाचून ब्रेक मारणारा मागच्याला धडकवतो, नाहीतर पुढे निघून जातो. दोन-अडीचशे मीटर अलीकडची पाटी नियमातही बसते आणि गिऱ्हाईकही आणते.

या पर्यायात सगळ्यात जास्त वेळ जातो तो सातबाऱ्यावर. कोकणातली जमीन सामाईक. एका गुंठ्यावर बारा नावं, त्यातली आठ मुंबईत. शेजारच्या काकांनी "लाव रे" म्हटलं म्हणून खांब रोवू नका. गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हा लेखी संमती आणि भाडं ठरवून घ्या. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि तहसीलात अकृषिक वापराची चौकशी, ही दोन कामं त्याच फेरीत उरका.

दोन्हीकडे लागू असलेली एक गोष्ट: 2022 पासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची आहे, अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. आणि बार असेल तर दारू मिळते असं सांगणारी पाटी महामार्गावर नकोच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्येच ती बंद केली.

खानावळ शहरातच असेल तर भिंतीवरच्या पाटीवर चांगला पैसा घाला आणि तिथेच थांबा. फाट्यापासून आत असाल तर शेतातली पाटी घ्या, वेळ लागला तरी. आमची आता एका काजूच्या बागेत आहे: नाव, "मालवणी जेवण", बाण आणि अंतर. एवढं लांबून वाचता येतं. खाऱ्या वाऱ्याने अँगल गंजतात, म्हणून दर मे महिन्यात आम्ही बोल्ट आवळतो, रंग मारतो आणि पावसाआधी फ्लेक्स उतरवून ठेवतो.